लेबर वीस पॉइंटने पुढे आहे, मग मी मत देऊन काय फरक पडणार?

२०२४ च्या जूनमध्ये माझ्या मावसबहिणीचा लेस्टरहून फोन आला. मास्टर्स करायला आलेली, अजून वर्षही झालं नव्हतं, बेलग्रेव्ह रोडजवळ एका गुजराती काकूंच्या घरात खोली घेऊन राहायची. तिच्या नावाचं पोलिंग कार्ड, म्हणजे मतदानाचं बोलावणं, पोस्टाने आलं होतं. "दादा, हे चुकून आलंय का? माझा पासपोर्ट तर भारताचा आहे." चुकून नव्हतं आलं. ब्रिटनमध्ये कायदेशीर व्हिसावर राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशाच्या नागरिकाला तिथल्या सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येतं, आणि भारत कॉमनवेल्थमध्ये आहे, त्यामुळे स्टुडंट व्हिसा असो की नोकरीचा, अठरा पूर्ण असतील आणि यादीत नाव असेल तर झालं. आपल्या कितीतरी पोरापोरींना हे माहीतच नसतं आणि ते नाव नोंदवतच नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हिने युनिव्हर्सिटीत ॲडमिशनचे कागद भरताना मतदार नोंदणीचाही फॉर्म भरून टाकला होता आणि नंतर विसरून गेली होती.

मग तिचा दुसरा प्रश्न आला, आणि हे सगळं मी लिहितोय ते त्या प्रश्नासाठी. "सगळे पोल म्हणतायत लेबर वीस पॉइंटने पुढे आहे, मग मी जाऊन काय फरक पडणार? आणि काकू म्हणतात सुनक आपला माणूस आहे, त्यालाच द्यायचं. मला तर दोघांपैकी कोणीच पटत नाहीये."

या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्यात, नेता, पोल आणि आपली सीट, आणि बहुतेक लोकांचा गोंधळ इथेच होतो, फक्त नवीन आलेल्यांचाच नाही, तिथे जन्मलेल्यांचाही. पोल म्हणजे मत कोणाला देणार हे आधी विचारून केलेला सर्व्हे, आणि वीस पॉइंट म्हणजे शंभरात वीस मतं जास्त. एकेक सोडवून बघू.

आधी कागद बघा. तिच्या बॅलटवर, म्हणजे मतपत्रिकेवर, तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांचं नाव नव्हतंच. सुनक उभे होते यॉर्कशायरमध्ये, रिचमंड अँड नॉर्थॲलर्टन मतदारसंघात. लेबरचे नेते किअर स्टार्मर लंडनच्या होबर्न अँड सेंट पँक्रसमध्ये. देशातल्या बाकी ६४८ मतदारसंघांतल्या लोकांना या दोघांपैकी कोणालाच मत देता येत नव्हतं. मिळून ६५० जागा, प्रत्येक जागेवर ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येणार, निम्म्याच्या वर हवीत अशी अटच नाही, आणि ज्या पक्षाकडे ३२६ किंवा जास्त जागा त्याचा नेता पंतप्रधान. आपल्या लोकसभेसारखंच सगळं, कारण आपण ही पद्धत त्यांच्याकडूनच घेतली, तेव्हा मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. मराठी पेपरांत ज्यांना हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष म्हणतात ते म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह आणि लेबर. कॉन्झर्व्हेटिव्हना रोजच्या बोलण्यात टोरी म्हणतात, मीही तसंच लिहितो.

मग नेत्याकडे बघायचंच कशाला? बघायचं, कारण एकाच फुलीत तुम्ही दोन कामं करता, आपला खासदार निवडता आणि देश कोणाच्या हातात जाणार त्यातही हातभार लावता. पण नेता पाच वर्षं तोच राहील याची काहीच खात्री नसते हेही लक्षात ठेवायचं. २०१९ ला लोकांनी बोरिस जॉन्सनकडे बघून टोरींना ३६५ जागा दिल्या, आणि त्याच पार्लमेंटमध्ये पुढे लिझ ट्रस आल्या आणि मग सुनक आले, मध्ये एकही सार्वत्रिक निवडणूक झाली नाही. ट्रस यांना निवडलं पक्षाच्या सभासदांनी, त्यांना मिळालेली मतं होती ८१,३२६. एवढी मतं तर आपल्याकडे एखाद्या आमदाराला पडतात. सुनक यांच्या वेळी तर समोर दुसरा उमेदवारच उरला नाही, त्यामुळे सभासदांचंही मतदान झालं नाही.

पोलवाले नेत्यांबद्दल साधारण दोन प्रश्न विचारतात. एक, अमुक नेत्याच्या कामावर तुम्ही समाधानी आहात का. दुसरा, या दोघांपैकी पंतप्रधान म्हणून कोण जास्त चांगला. ऐकायला सारखे वाटतात, पण उत्तरं वेगळी येऊ शकतात, कारण दोघंही नावडते असले तरी दुसऱ्या प्रश्नात लोक त्यातल्या त्यात बरा कोण ते सांगतात. आणि आवडणं वेगळं, मत देणं वेगळं. १९४५ ला चर्चिलइतका लोकप्रिय माणूस देशात नव्हता, नुकतंच युद्ध जिंकून दिलं होतं, पण लोकांना घरं हवी होती, नोकऱ्या हव्या होत्या, दवाखाना हवा होता, आणि त्यांनी लेबरला ३९३ जागा देऊन ॲटलींना पंतप्रधान केलं. त्याच ॲटलींच्या सरकारने दोन वर्षांत भारत सोडला, म्हणजे त्या मतदानाचा आपल्या आजी-आजोबांच्या आयुष्याशी थेट संबंध आहे. विशेष म्हणजे गॅलप कंपनीच्या पोलमध्ये लेबर पुढे असल्याचं आधी छापून आलं होतं, पण पोल हा प्रकारच तेव्हा नवीन, त्यामुळे फारसं कोणी मनावर घेतलं नाही.

१९७९ ला पण तसंच. पंतप्रधान म्हणून कोण बरं असं विचारलं की लोक टोरींच्या थॅचरबाईंपेक्षा लेबरचे पंतप्रधान कॅलहन यांना जास्त पसंती द्यायचे, शांत, अनुभवी माणूस. पण त्याआधीच्या हिवाळ्यात संपांनी देश जेरीस आला होता, लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये कचऱ्याचे ढीग साचले होते, लिव्हरपूलला कबरी खणणारेही संपावर गेले होते. लोकांनी आवडता माणूस बाजूला ठेवला आणि सरकार बदललं.

आता याच्या उलट बाजू, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट ही आहे. १९९२ ला पोल म्हणत होते लेबर किंचित पुढे, त्रिशंकू पार्लमेंट येणार. झालं काय, जॉन मेजर यांचे टोरी साडेसात टक्क्यांनी पुढे राहिले आणि बहुमत घेऊन परत आले. २०१५ ला पोल म्हणत होते अगदी बरोबरीत आहेत, आणि डेव्हिड कॅमेरून साडेसहा टक्क्यांची आघाडी आणि बहुमत घेऊन आले. दोन्ही वेळा मत कोणाला या प्रश्नाचं उत्तर चुकलं. पण त्याच सर्व्हेंमध्ये पंतप्रधान कोण बरा, आणि देशाचा पैसा कोणाच्या हातात सुरक्षित, हे दोन प्रश्न विचारले होते आणि त्या दोन्हींत टोरी पुढे होते, १९९२ ला लेबरच्या किनॉकपेक्षा मेजर, २०१५ ला लेबरच्या मिलिबँडपेक्षा कॅमेरून. म्हणून मी बहिणीला सांगितलं, पोल बघायचाच असेल तर हेडलाइनचा आकडा बघून थांबू नको, नेता आणि अर्थव्यवस्था या दोन प्रश्नांची उत्तरं पण बघ. तिन्ही एका दिशेला असतील तर बऱ्यापैकी विश्वास ठेवायला हरकत नाही. हे दोन एकीकडे आणि हेडलाइन तिसरीकडेच असेल तर हेडलाइनवर संशय घ्यायचा. दर वेळी लागू पडेल असं नाही, १९७९ ला नेत्याचा प्रश्न फसलाच होता, पण नुसत्या एका आकड्यापेक्षा नक्की बरं.

पोल बनतो कसा हेही थोडं जवळून बघू, कारण एकदा ते डोळ्यासमोर आलं की आकड्याची भीतीही जाते आणि त्याच्यावरची भक्तीही जाते. हजार-दोन हजार लोकांना विचारतात, आजकाल बहुतेक ऑनलाइन, कंपनीकडे नाव नोंदवलेले लोक असतात त्यांच्यातून निवडतात. आपण शितावरून भाताची परीक्षा म्हणतो तेच, पण ते शीत वरवरचं असून चालत नाही, भात नीट हलवलेला पाहिजे. ऑनलाइन फॉर्म भरणारा माणूस हा मुळातच राजकारणात रस असलेला असतो. ज्याला काही घेणंदेणं नाही, किंवा सत्तरीच्या आजोबांसारखा ज्याला कॉम्प्युटरच नको, तो सापडतच नाही. मग कंपनी वजन देते. समजा देशात शंभरातले २४ मतदार पासष्टीच्या वरचे आहेत आणि सर्व्हेत आले फक्त १२, तर त्या प्रत्येकाचं उत्तर दोनदा धरायचं. तरुण जास्त आले असतील तर प्रत्येकाचं अर्धं-पाऊण धरायचं. असंच शिक्षण, भाग, मागच्या वेळी मत कोणाला, सगळ्याचं. म्हणजे जो आकडा आपल्यापर्यंत येतो तो पातेल्यातून थेट ताटात आलेला नसतो, मध्ये बऱ्याच जणांचे हात लागलेले असतात, आणि सापडलेले बारा आजी-आजोबा जर न सापडलेल्या बारांपेक्षा वेगळ्या विचाराचे असतील तर चूक कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट होते. २०१५ च्या चुकीची नंतर रीतसर चौकशी झाली, प्रोफेसर पॅट्रिक स्टर्जिस यांच्या अध्यक्षतेखाली, आणि निष्कर्ष साधारण हाच निघाला की शीतच चुकीचं उचललं होतं, लेबरवाले जास्त सापडले आणि टोरी कमी.

आणि "माहीत नाही" म्हणणारे? २०१९ ला टोरींना मत दिलेले पण २०२४ ला कुंपणावर बसलेले असे बरेच लोक होते. काही कंपन्या त्यांना सरळ वगळतात, काही म्हणतात यातले बरेचसे शेवटी घरी परततील आणि तसं गणित करतात. लोक तेच, उत्तरंही तीच, पण दोन कंपन्यांच्या आघाडीत पाच-सहा पॉइंटचा फरक पडू शकतो. त्यामुळे एका कंपनीचा आजचा पोल दुसऱ्या कंपनीच्या कालच्या पोलशी ताडून "अमुक पक्ष चार पॉइंटने घसरला" असं म्हणणं चूक आहे. एकाच कंपनीचे मागचे-पुढचे पोल ताडून बघायचे. त्यात हजार लोकांच्या सर्व्हेत प्रत्येक पक्षाचा आकडा तीन पॉइंट इकडे-तिकडे असू शकतो, आणि आघाडी म्हणजे दोन आकड्यांतला फरक, तिथे तर गडबड जवळजवळ दुप्पट होते. ३६ विरुद्ध ३३ असं दिसलं तर त्याचा अर्थ "सांगता येत नाही" एवढाच घ्यायचा.

शिवाय पोल हा त्या दिवसाचा फोटो असतो, हे २०१७ ला टोरी पंतप्रधान थेरेसा मे यांना चांगलंच समजलं. एप्रिलमध्ये त्यांनी मुदतीच्या तीन वर्षं आधी निवडणूक जाहीर केली तेव्हा काही पोलमध्ये त्या वीस पॉइंटने पुढे होत्या. मग म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचा खर्च त्यांच्या घराच्या किमतीतून वसूल करायची योजना जाहीरनाम्यात आली, लोक भडकले, चार दिवसांत ती बदलावी लागली. बीबीसीच्या मोठ्या वादसभेला त्या स्वतः गेल्याच नाहीत, दुसऱ्या मंत्र्यांना पाठवलं. तिकडे लेबरचे नेते जेरेमी कॉर्बिन यांना लोक रोज टीव्हीवर बघत होते आणि त्यांच्याबद्दलचं मत सुधारत होतं. ८ जूनला मतदान झालं, निकाल लागला तेव्हा टोरी ४२ टक्के, लेबर ४० टक्के, आणि बहुमत गेलं. याच्या उलट २०१०. पहिल्यांदाच नेत्यांच्या वादसभा टीव्हीवर झाल्या, लिबरल डेमोक्रॅट्सचे निक क्लेग पहिल्याच रात्री सगळ्यांना आवडून गेले, काही पोलमध्ये त्यांचा पक्ष एक नंबरला गेला, आणि मतदानाला मिळाल्या ५७ जागा, आधीपेक्षा पाच कमी. आवडलेला नेता तीन आठवडेसुद्धा टिकेल असं नसतं, आणि टिकला तरी त्या आवडीच्या जागा होतील असं तर मुळीच नसतं.

हे जागांचं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं. २०२४ चा निकालच घ्या. लेबर ३३.७ टक्के मतं, ४११ जागा, म्हणजे एक तृतीयांश मतांवर जवळजवळ दोन तृतीयांश पार्लमेंट. कॉर्बिनच्या लेबरला २०१७ ला सुमारे १ कोटी २९ लाख मतं मिळाली आणि जागा २६२, स्टार्मरच्या लेबरला सुमारे ९७ लाखच मतं आणि जागा ४११. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला ४१ लाख मतं आणि फक्त ५ जागा, लिबरल डेमोक्रॅट्सना ३५ लाख मतं आणि ७२ जागा. चमत्कार काही नाही, मतं कुठे पडली याचा खेळ आहे. रिफॉर्मची मतं देशभर सारखी पसरली, बऱ्याच ठिकाणी दुसरा-तिसरा नंबर, त्याला किंमत शून्य. लिबरल डेमोक्रॅट्सनी ठरवून काही मोजक्या मतदारसंघांतच ताकद लावली. आणि टोरींची मतं रिफॉर्मने खाल्ली, याला आपण मतविभागणी म्हणतो, आपल्याकडे तर पानाच्या टपरीवर बसलेला माणूसही तुम्हाला हे समजावून सांगेल.

साउथ वेस्ट नॉरफोकचं उदाहरण मी नेहमी देतो. माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांची सीट. २०१९ ला त्या २६,१९५ मतांनी जिंकल्या होत्या, म्हणजे बालेकिल्लाच. २०२४ ला लेबरचे टेरी जर्मी ११,८४७, ट्रस ११,२१७, रिफॉर्म ९,९५८, आणि एक नाराज स्थानिक अपक्ष, सहा हजारांच्या वर. जर्मी ६३० मतांनी आले. शंभरातल्या सत्तावीसपेक्षा कमी लोकांची पसंती, पण खासदार ते. आणि लंडनच्या हेंडनमध्ये लेबर किती मतांनी आलं माहितीये? १५. पंधरा मतं! आपल्याकडच्या एका सोसायटीच्या एका मजल्यावर तेवढी निघतात.

बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. लेबर वीस पॉइंटने पुढे हा आकडा सगळ्या देशाचा आहे आणि देशाच्या नावाने बॅलटच नसतं. आपला मतदारसंघ काढायचा, पोस्टकोड टाकला की सापडतो, मागच्या वेळी पहिला-दुसरा कोण होता, किती फरकाने, हे बघायचं, या वेळी कोण उभं आहे ते बघायचं. मग ठरवायचं की आपल्याला कोणाला आणायचंय की कोणाला पाडायचंय. पाडण्यासाठी मत देणं यात काही कमीपणा नाही, तिथे लाखो लोक तसंच करतात, आपला आवडता तिसऱ्या नंबरवर असेल तर नावडत्याला हरवू शकेल अशा दुसऱ्याला देतात. फक्त दारात पडणाऱ्या पत्रकांवरचे स्तंभांचे चार्ट जपून बघायचे, प्रत्येक पक्ष त्यात "इथे सामना फक्त आमच्यात आणि त्यांच्यात" असंच दाखवतो, आणि कधीकधी ते आकडे वेगळ्याच निवडणुकीतले, नगरपालिकेचे वगैरे असतात.

आता मतदारसंघवार अंदाजही येतात, एमआरपी म्हणतात. दहा-दहा हजारांपासून वर लोकांना विचारून, कुठल्या वयाचा, शिक्षणाचा, भागातला माणूस कसा वागतो ते काढायचं आणि प्रत्येक मतदारसंघात तशी माणसं किती यावरून हिशोब मांडायचा. २०१७ ला त्रिशंकू येणार हे यूगव्ह कंपनीने याच पद्धतीने आधी सांगितलं होतं. पण हे गणित माणसांच्या प्रकारांवर चालतं. तुमच्या गल्लीत उमेदवारावरून भांडण काय चाललंय हे त्याला दिसत नाही. आणि लेस्टर ईस्टमध्ये नेमकं तेच चाललं होतं. १९८७ पासून लेबरची सीट, बरीच वर्षं कीथ वाझ खासदार, नंतर क्लॉडिया वेब. २०२४ ला हे दोघंही लेबर सोडून वेगळे उभे राहिले होते, आणि लेबरने लंडनचे माजी उपमहापौर राजेश अगरवाल यांना आणलं होतं. बहिणीला म्हटलं, देशाचा पोल विसर, तुझ्याकडे खरी लढत आहे.

४ जुलैला गुरुवार होता, तिकडे मतदानाला सुट्टी नसते, सकाळी सात ते रात्री दहा. लेक्चर आटोपून ती संध्याकाळी गेली. फोटो आयडी लागतो, सार्वत्रिक निवडणुकीला हा नियम पहिल्यांदाच लागू झाला होता, भारताचा पासपोर्ट चालतो. हॉलमध्ये प्लायवुडचा छोटा आडोसा, त्यात दोरीला बांधलेली पेन्सिल, कागदावर नावं, समोर फुली मारायची, घडी घालून पेटीत टाकायची. बाहेर येऊन तिने पहिला मेसेज केला तो बोटाचा फोटो, "शाईच लावली नाही."

रात्री दहाच्या ठोक्याला एक्झिट पोल आला. हा मात्र वेगळा प्रकार आहे आणि यावर मी बराच विश्वास ठेवतो. १३० च्या आसपास पोलिंग स्टेशनांबाहेर, मत देऊन आलेल्या हजारो लोकांना तसाच कागद देऊन पुन्हा गुपचूप फुली मारायला सांगतात, आणि शक्यतो मागच्या वेळचीच ठिकाणं घेतात म्हणजे बदल किती झाला ते कळतं. कोण मत देईल याचा अंदाज करायची गरजच नाही, दिलेलंच असतं. लेबर ४१० सांगितलं, आल्या ४११. त्याआधीच्या पोलमध्ये मात्र लेबरची आघाडी १५ ते २० पॉइंटच्या आसपास दिसत होती आणि प्रत्यक्षात निघाली दहा, म्हणजे जवळजवळ १९९२ इतकीच मोठी चूक, फक्त जिंकणारा बदलला नाही म्हणून कोणी आरडाओरडा केला नाही.

पहाटे तिचा फोन आला. "दादा, इथे टोरी आले!" शिवानी राजा १४,५२६, अगरवाल १०,१००, वेब आणि वाझ मिळून नऊ हजारांच्या वर. अख्ख्या देशात टोरींची धूळधाण होऊन १२१ जागा उरल्या, आणि त्या रात्री त्यांनी नव्याने मिळवलेली एकच जागा होती, ती ही. काकूंनी सकाळी शिरा केला होता. बहिणीने मत कोणाला दिलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिने मात्र विचारलं, पुढची निवडणूक कधी? म्हटलं, ऑगस्ट २०२९ पर्यंत कधीही, तारीख पंतप्रधान ठरवतात. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, व्हिसा वाढला तर असेन मी तेव्हा इथे, आणि ते पोलिंग कार्ड फाइलमध्ये पासपोर्टच्या झेरॉक्ससोबत ठेवून दिलं.